मोरीत ओतलेलं तेजाब

माझ्या नातीला माझ्याकडून चार ओळी हव्या आहेत. ईरा हाताने चांदीचे दागिने करते आणि दादरला प्रदर्शनात टेबल मांडून विकते. जुनी चांदी वितळवते, चिंचेने आणि लिंबाने उजळवते, कानातले डूल करवंटीच्या डबीत घालून देते. हे सगळं निसर्गस्नेही आहे, असं तिच्या पाटीवर लिहिलेलं असतं. आता तिला प्रत्येक डबीत एक छोटं कार्ड ठेवायचं आहे. मजकुराची सुरुवात तिनेच करून आणली होती, 'आमच्या घराण्यात चार पिढ्या निसर्गाला जपून दागिने घडवले जातात.' पुढचं मी लिहायचं, कारण मी सोनाराची मुलगी. तिने मला ते वाचून दाखवलं आणि "बरोबर ना गं आजी?" असं विचारलं. मला आधी हसू आलं, आणि मग मी तशीच उठून गॅलरीत गेले. पोर बिचारी घाबरली, तिला वाटलं माझं पित्त उसळलं. त्या चार ओळी काही मला जमल्या नाहीत. त्याऐवजी हे लिहिते आहे, आणि हे कुठल्याही डबीत मावणार नाही.

आम्ही फणसवाडीत तळमजल्यावर राहत होतो. दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं काम चालायचं आणि मागच्या खोलीत आमचं बाकीचं सगळं आयुष्य. पुढच्या खोलीत खिडकीखाली ऐरण, तिच्याशेजारी मातीची शेगडी, भिंतीला टेकून अण्णांची बैठक. त्या बैठकीवर ते सकाळी बसले की दुपारी जेवायलाच उठायचे. हातोडीची बारीक टकटक दिवसभर चालायची. पाहुण्यांना ती गोड वाटायची. मला ती डोक्यात बसायची, शाळेतसुद्धा ऐकू यायची. शेगडीत करवंटीचा कोळसा लागायचा, त्यामुळे वाडीतल्या प्रत्येक घरातल्या करवंट्या आमच्याकडे येत. त्या दाराशी पडलेल्या असायच्या, आत खोबऱ्याचे तुकडे चिकटलेले, त्यावर मुंग्या आणि मग घुशी. फुंकणी तोंडात धरून अण्णा ज्योत दागिन्यावर नेत, तेव्हा गाल फुगायचे आणि फुंकणीच्या टोकाशी लाळेचा थेंब जमायचा. तो थेंब कधी पडेल याकडे माझं लक्ष असायचं. पडला की मी मान वळवायची.

डाग दिला, म्हणजे सांधा जोडायला ज्योत दिली, की दागिना काळा पडतो. तो उजळवायला अण्णा चिंचेचं पाणी वापरत. तांब्याच्या पातेल्यात चिंच उकळायची, त्यात दागिना टाकायचा, मग रिठ्याच्या फेसात ब्रशने घासायचा. वाचायला किती छान वाटतं! पण चिंच दर दिवशी ताजी कुठून आणणार? तेच पाणी चार-चार दिवस चालायचं. त्याच्यावर पांढरी साय धरायची, तिच्यात चिलटं बुडून मेलेली असायची. रिठ्याचा फेस जमिनीवर सुकून चिकट राप धरायचा. आणि या सगळ्याच्या कोपऱ्यात ते पिंप होतं.

पिंपाबद्दल सांगितल्याशिवाय सोनाराचं घर कळणार नाही. आमच्या घरात एकच कायदा होता: ज्यात सोनं आहे ते उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. काम करताना सोन्याचे कण बोटांना लागतात, केसांत जातात, मिशीत अडकतात. म्हणून अण्णा हात धुवायचे ते पाणी पिंपात. अंगावर घेतलेला पहिला तांब्याही परातीत, आणि परातीतून पिंपात. नखं कापायची ती कागदावर, मिशी विंचरायची ती कागदावर, आणि कागद पिंपाशेजारच्या डब्यात. पुढच्या खोलीचा केर वेगळ्या केरसुणीने काढून वेगळ्या डब्यात. बैठकीखालची चटई फाटली की ती फेकायची नाही, जाळायची, आणि राख त्याच डब्यात. वर्षातून एकदा झारेकरी यायचा. सोनारांचा केर घेऊन, तो धुऊन, त्यातलं सोनं काढणारा माणूस. तो येईपर्यंत ते पिंप तसंच असायचं. तळाला काळा गाळ, वर माणसाच्या अंगाचा मळ, आणि त्यात वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या. ईरा याला झीरो वेस्ट म्हणते. मला तो शब्द ऐकला की अजून अण्णांची नखं दिसतात.

आई या घाणीच्या मधोमध स्वयंपाक करायची. तिच्या हाताला चव होती. तिरफळं घातलेली बांगड्यांची आमटी, नारळाच्या रसातली सोलकढी, सकाळी बिडाच्या तव्यावरच्या आंबोळ्या. पण मागच्या खोलीत पानावर बसलं की पुढच्या खोलीचा तो आंबूस, उबलेला वास पानात यायचा. मी नाकाने श्वास न घेता जेवायला शिकले. चिंच घातलेला कुठलाही पदार्थ मी आजतागायत तोंडात घेतलेला नाही. लग्नानंतर सासूबाईंना वाटे सून नखरेल आहे. असेना, नखरेल तर नखरेल.

आणि मग शाळेत व्हायचं तेच झालं. मी तेव्हा तेरा वर्षांची असेन. माझ्या बाकावर बसणारी मुलगी एके दिवशी बाईंकडे जाऊन म्हणाली, "बाई, मला दुसरीकडे बसवा. शकूच्या अंगाला वास मारतो." बाईंनी तिला दुसरीकडे बसवलं. रागावल्या नाहीत, 'हे खोटं आहे' असंही म्हणाल्या नाहीत, नुसतं बसवलं. त्या दिवसापासून मी एकटी. मी घरी येऊन अंग घासघासून लाल केलं. फक्त समोरच्या खोलीतली सुमामावशी मला काही म्हणाली नाही. ती टेलिफोनच्या ऑफिसात कामाला होती, अठ्ठावीस-तीस वर्षांची, लग्न न केलेली, भावाकडे राहणारी. माझे लाल झालेले दंड बघून तिने मला आत बोलावलं आणि चंदनाच्या साबणाची एक नवी वडी हातावर ठेवली. "आईला सांगू नकोस, मला दोन मिळाल्यात," म्हणाली. कुठल्या दोन मिळतायत! तिने ती मुद्दाम आणली होती हे मला तेव्हाही कळलं.

त्याच सुमारास अण्णा मला काळबादेवीच्या बाजूला एका ओळखीच्या सोनाराकडे घेऊन गेले होते. त्याच्याकडे चिंच नव्हती, रिठे नव्हते. काचेच्या वाडग्यात पाण्यासारखं काहीतरी होतं, तेजाब, म्हणजे ॲसिड. त्याने काळा पडलेला तोडा त्यात सोडला, जरासा धूर निघाला, आणि चिमट्याने बाहेर काढला तो लख्ख. मला वाटलं स्वच्छता म्हणजे ही. घरी आल्यावर मी अण्णांच्या मागे लागले की आपणही तेजाब आणू या. अण्णा म्हणाले, "शके, ते आपलं नाही. तेजाबाला एकदा तोंड मिळालं की ते काही ठेवत नाही." मी हटून बसले. दोन दिवस जेवले नाही. "मला या घाणीची किळस येते, तुमचीपण येते," असं त्यांच्या तोंडावर म्हणाले. आई मागच्या खोलीतून धावत आली, पण अण्णांनी तिला हाताने थांबवलं. त्यांचा चेहरा मी नंतर कधीच विसरू शकले नाही. ज्या पेढीचं काम ते करत, तिचा शेठही बरेच दिवस 'हात जरा लवकर चालवा' म्हणून त्यांच्या मागे होता, हे खरं. पण तेजाब आमच्या घरात आलं ते माझ्या शब्दाने, शेठच्या नव्हे.

पेंढ्यात गुंडाळलेली मोठी काचेची बरणी हातगाडीवरून आली. चिंचेचं पातेलं माळ्यावर गेलं. पहिले काही दिवस मी हवेत होते. साय नाही, चिलटं नाहीत, रिठ्याचा राप नाही. वास होता, पण तो वेगळा, घशात टोचणारा. तो अंगाला चिकटत नव्हता, आणि मला तेवढंच हवं होतं. पिंप मात्र होतं तिथेच राहिलं, कारण त्यात सोनं होतं. आणि इथे तो घोटाळा झाला, जो सोनारच करू जाणे. हात धुतलेलं पाणी जपून ठेवणारे अण्णा, कामातून गेलेलं तेजाब काय करत? मोरीत ओतत. त्यात सोनं नव्हतं. तांबं खाऊन ते मोरपिशी झालेलं असायचं, दिसायला सुंदर. ज्यात सोनं नाही ती वस्तूच नाही, तिची काळजी कसली? ते वाडगं मोरीत उपडं करायचे, वर दोन तांबे पाणी टाकायचे, आणि मग त्याच मोरीत हात धुवायचे तेव्हा मात्र खाली परात धरायचे. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. परात धरलेला तो हात!

आईच्या ते पहिल्यांदा लक्षात आलं, कारण मोरी तिची होती. भांडी घासायला बसली की तिची बोटं पिवळी व्हायची, सालं निघायची. फरशीच्या सांधीतला चुना भुसभुशीत झाला. एके दिवशी तिने बोटाने तो उकरून दाखवला. "अहो, फरशी खाल्लीन् त्याने. हे पाणी जातं कुठे?"

"गटारात. आणखी कुठे जाणार?" अण्णा म्हणाले.

"गटार विहिरीला लागून जातं."

"गेली पन्नास वर्षं जातंय."

"पन्नास वर्षं त्यातून खरकटं जात होतं. हे खरकटं आहे का?"

अण्णांनी हातोडी उचलली आणि टकटक सुरू केली. बोलणं संपवायची त्यांची ती रीत होती.

वाडीची विहीर आमच्या मोरीच्या भिंतीपासून पाच-सहा पावलांवर होती. प्यायचं पाणी नळाचं, पण नळ सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ यायचा, त्यामुळे धुणं, आंघोळी, झाडलोट सगळं विहिरीवर. पाणी स्वच्छ राहावं म्हणून कोणीतरी पूर्वी तिच्यात मासे सोडले होते. आम्ही मुलं कठड्यावर ओणवून त्यांना चुरमुरे टाकायचो. त्या वर्षी एका सकाळी ते सगळे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. वाडीतली माणसं जमली. कोणी म्हणालं, विहिरीत निर्माल्य टाकतात ना, ते कुजलं. दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला. अण्णाही तिथे होते. तेही "हो, निर्माल्यच असणार," असं म्हणाले, आणि कोणी टाकू नये म्हणून कठड्यावर पाटी लावायची सूचनाही त्यांनीच केली. मी त्यांच्या शेजारी उभी होते. त्यांच्या धोतराचा काठ माझ्या हाताला लागत होता. मी हात काढून घेतला. मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की खरी किळस नाकाला येत नाही.

घरी आल्यावर आईने दार लावून घेतलं. "आता तरी बंद करा."

"बरणीतलं संपू दे. मग नाही आणत."

"आणि तोवर?"

"तोवर गप्प राहायचं. कोणाला कळलं तर वाडीत उभं करतील का आपल्याला? कुठे जायचं मग ऐरण घेऊन?" आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तुलाच हवं होतं ना?"

आम्हाला वाडीतून काढतील, या भीतीने मी रात्रंदिवस गोठून गेले होते. शाळेत माझ्या बाकावर आता पुन्हा एक मुलगी बसायला लागली होती.

हे सगळं चालू होतं तेव्हा बाहेर मुंबई पेटलेली होती. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ही घोषणा आम्हा मुलांना पाढ्यांसारखी पाठ होती. भिंती तिने भरल्या होत्या. रोज कुठे सभा, कुठे मोर्चा, कुठे हरताळ. अण्णा सभेला जात. आई मोर्चाच्या लोकांसाठी चणे-गूळ बांधून देई. सुमामावशी तर पुढे असायची. ऑफिसातून परस्पर मोर्च्याला जायची, घसा बसवून यायची, आणि आमच्या उंबऱ्यावर बसून आईच्या हातची सोलकढी पिता पिता सगळी हकिकत सांगायची. "वहिनी, आज एवढ्या बायका होत्या! मुंबई आपली आहे हो, कोणाच्या बापाची नाही." आई तिला दुसरा पेला भरून द्यायची. मला तिचा फार अभिमान वाटायचा. आपणही एकदा मोर्च्याला जायचं, असं तिने मला कबूलही केलं होतं.

तो दिवस हरताळाचा होता. दुकानं बंद, रस्ते ओस, आणि सकाळचा नळ आलाच नव्हता. घराघरांतले हंडे तळाला गेले होते. दुपारी जेवणं उरकली असतील नसतील, तोच मोठ्या रस्त्याकडून आरडाओरडा ऐकू आला. मग धडाधड आवाज झाले. गोळीबार की नळकांडी, कोणाला कळेना. थोड्या वेळात माणसं वाडीत पळत यायला लागली. डोळे मिटलेले, तोंडं लाल, नाकातून पाणी, भिंतीला हात लावत चालणारी. अश्रुधूर होता. वाडीतल्या बायका कांदे फोडून, फडकी भिजवून धावल्या. आणि पाणी? पाणी विहिरीलाच होतं. कोणीतरी रहाटावर बादली सोडली.

मी आमच्या दारात उभी होते. अण्णा माझ्या मागे. सुमामावशी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आली. नळकांडं तिच्या पुढ्यातच फुटलं होतं. "डोळे, माझे डोळे," एवढंच म्हणत होती. तिला विहिरीच्या कठड्याशी बसवलं. बादली वर येत होती, तिचा करकर आवाज मला ऐकू येत होता. मी अण्णांचा सदरा धरला.

"अण्णा, सांगा ना त्यांना. ते पाणी नको म्हणावं."

"गप्प बस."

"अण्णा, डोळ्यांत जाईल."

"शके, गप्प बस म्हटलं ना!"

त्यांचा आवाज चिरकला होता. मी विहिरीपासून दहा पावलांवर होते. मला तोंड होतं. 'ते पाणी घेऊ नका' हे चार शब्द कोणाही लहान मुलाला ओरडता येतील. पण लोक विचारतील, का? आणि त्या 'का'च्या पुढे आमची मोरी होती, बरणी होती, आणि माझे ते दोन दिवसांचे उपास होते. मी ओरडले नाही. सुमामावशीच्या तोंडावर पहिली ओंजळ मारली, ती किंचाळली. बायका म्हणाल्या, धुराने जळतंय, आणखी मारा. दुसरी मारली. तिसरी मारली. तिने पापण्या बोटांनी फाकवल्या आणि स्वतःच पाणी आत घेतलं.

तेव्हा अण्णा हलले. आत गेले, आमच्या प्यायच्या पाण्याची घागर उचलली. घरात तेवढंच पाणी उरलं होतं. ती खांद्यावर घेऊन ते धावत विहिरीपाशी गेले. "हे घ्या, हे नळाचं आहे, गाळलेलं आहे. हे मारा," असं म्हणत त्यांनी स्वतः तिच्या डोळ्यांवर धार धरली. घागर पार रिकामी केली. आणि बाजूची माणसं म्हणत होती, "बघा, घरातलं प्यायचं पाणी आणलं! माणूस असावा तर असा." मला तिथेच वांती झाली. शेजारच्या काकूंना वाटलं, मलाही धूर लागला. त्यांनी माझ्या नाकाशी कांदा धरला.

त्या संध्याकाळी आई विहिरीवर गेली आणि चार बायकांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाली, "विहिरीत उंदीर मेलाय गं बायांनो. मी डोळ्यांनी पाहिला. कोणी पाणी भरू नका." उंदीरबिंदीर काही नव्हता. पण मेलेल्या उंदरापुढे कोणी 'का' विचारत नाही. विहीर त्या दिवसापासून बंद पडली, पुढे कधीतरी बुजवली. आईने हे आठ दिवस आधी का केलं नाही, असं मी तिला खूप वर्षांनी विचारलं. ती म्हणाली, "आधी सुचलं नाही गं." खोटं असेल किंवा खरं असेल. मी तरी तिला कुठल्या तोंडाने विचारत होते? उरलेली बरणी अण्णांनी काळबादेवीच्या त्या सोनाराला देऊन टाकली. म्हणजे विष संपलं नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी विहिरीकडे गेलं. चिंचेचं पातेलं माळ्यावरून खाली आलं आणि घरात पुन्हा तो वास भरला. या वेळी मी एक शब्द बोलले नाही. ईराला हवी असलेली परंपरा आमच्या घरात या अशा रीतीने परत आली.

सुमामावशीचा उजवा डोळा बरा झाला. डाव्यात फूल पडलं. डॉक्टर म्हणाले, अश्रुधूर फार जवळून लागला. तसं असेलही. त्या दिवशी त्या धुराने डोळे जळलेली कितीतरी माणसं होती, आणि आमच्या विहिरीच्या पाण्याने डोळे धुतलेलीही होती, त्यातली बहुतेक दोन दिवसांत बरी झाली. तिचा डोळा धुराने गेला की आमच्या तेजाबाने, हे मला माहीत नाही. गेली साठहून जास्त वर्षं मी हा हिशेब करते आहे आणि दर वेळी तो माझ्या सोयीने सोडवते आहे असं दिसतं. मला त्याचीसुद्धा शिसारी येते. ऑफिसात तिला टेलिफोनच्या बोर्डावरून काढून फायलींच्या खोलीत बसवलं. ती मोर्च्यांना जात राहिली, एका डोळ्याने. मला मात्र तिने परत कधी बरोबर चल म्हटलं नाही, कारण मीच तिला चुकवायला लागले होते. अंगणात ती दिसली की मी उलट्या पावली घरात शिरायची.

राज्य झालं तेव्हा वाडीत सत्यनारायण घातला. गुढ्या उभारल्या, कंदील लावले, आणि सुमामावशीचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, आणि अण्णांनी स्वतःहून कबूल केलेली साडीला लावायची चांदीची पिन. महाराष्ट्राच्या नकाशाच्या आकाराची. अण्णा त्या पिनेवर तीन दिवस खपले. एवढं बारीक काम मी त्यांच्या हातून कधी झालेलं पाहिलं नव्हतं. कोकणची किनार त्यांनी दोऱ्याएवढ्या तारेने काढली. चष्मा काढून ते डोळे पुसायचे आणि पुन्हा बसायचे. मला ते बघवत नव्हतं. चांदीने काय होणार होतं? वाटायचं, उठावं आणि ती पिन मोरीत टाकून द्यावी. मी उठले नाही. एव्हाना न उठण्याची मला चांगलीच सवय झाली होती.

सत्काराला सगळी वाडी होती. भाषणं झाली. त्यांत कोणीतरी अण्णांच्या घागरीचाही उल्लेख केला. टाळ्या वाजल्या. अण्णांनी हात जोडले आणि मान खाली घातली, तीही लोकांना नम्रता वाटली. मग सुमामावशीने मला हाक मारली. "शकू, ये गं इकडे. मला या बाजूचं दिसत नाही. तूच लाव ही पिन." आता पळायला जागा नव्हती. मी पुढे झाले. तिचा पदर हातात घेतला, पिन उघडली. इतक्या जवळून मी तो डोळा पहिल्यांदाच पाहिला. बुबुळावर दुधाळ ठिपका होता, आणि तो डोळा माझ्याकडे बघून हसत होता, कारण ती हसत होती. तिने माझ्या गालाला हात लावला आणि फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाली, "त्या दिवशी तुझ्या अण्णांनी घागर आणली नसती ना, तर माझा दुसराही गेला असता गं."

मी पिनेचं टोक पदरातून पलीकडे काढलं, कडीत अडकवलं, आणि म्हणाले, "हो मावशी."